जेवली का, इचारायलाय

१८ नोव्हेंबर, शनिवार

ही वही खरं तर वसतिगृहाच्या धान्याची नोंद ठेवायला आणली होती. आमच्या संस्थेचे सिद्धोधन सर म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय, मग वह्या कशाला?" म्हणून मी उचलून घरी आणली. कॉम्प्युटरवर जे ठेवता येत नाही ते हिच्यात ठेवीन.

आमचं वसतिगृह म्हणजे पिंगळीच्या शाळेमागच्या तीन खोल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं इथं राहतात, शाळा बुडत नाही. यंदा एकेचाळीस आहेत. दर रविवारी सकाळी दगडाबाई संस्थेच्या फोनवरून एकेकाच्या टोळीला फोन लावतात आणि लेकराला आईशी बोलायला देतात. दगडाबाई स्वयंपाकही करतात आणि लेकरंही सांभाळतात. टोळ्यांचे नंबर त्या स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहायच्या. टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली की ओल्या फडक्याने जुना नंबर पुसायचा, नवा लिहायचा. चार वर्षांची ती काळी भिंत मी काल चुन्याने पांढरी करून घेतली.

"ताई, एक कोपरा तरी ऱ्हाऊ द्यायचा व्हता," दगडाबाई म्हणाल्या. "काय खायली व्हती का भिंत?"

मी म्हटलं, आता दर शनिवारी छापील यादी मिळेल. यादीत नाव, टोळी, नंबर. त्यांनी मान हलवली. छापलेल्या कागदाला त्या फार मान देतात.

सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, तेव्हा थोडं मिरवून घेते. लेकरू टोळीला बांधलंय, टोळी नंबराला. बदल करताना एकतर सगळा बदल होईल, नाहीतर काहीच होणार नाही, अशा प्रकारचे तक्ते मी मागितले. मध्येच लाईट गेली तरी अर्धवट काही राहणार नाही. टोळी नसलेलं लेकरू तर ते ठेवूच देणार नाही. मशिन देणगीतलं, म्हातारं, डेटाबेसही त्याच्याच वयाचा. मला वाटलं कुरकुर करेल. पण जे मागितलं त्याला मुकाट्याने हो म्हणालं.

परवा गुरुवारी यांचा फोन आला होता. हे पुण्याला कंपनीत आहेत, लग्नाला दीड वर्ष झालं, मी इथं परभणीत सासूबाईंजवळ. खोली मिळाली की मला नेणार आहेत. दर गुरुवारी साडेपाचला, शिफ्टच्या आधी, आईला फोन करतात. मी तेव्हा पिंगळीहून परतीच्या वाटेवर असते, म्हणून माझी गाठ पडत नाही. घरात पाय ठेवला की आत्या सांगतात (सासूबाईंना मी आत्याच म्हणते), "शिवाचा फोन आल्ता. धनश्री जेवली का, इचारायलाय."

साडेपाचला कुणी जेवतं का? पण यांना वेळेचं भान कधी होतं. ते वाक्य मी रात्रीपर्यंत तोंडात घोळवते.

१९ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम पिंगळीला गेले. यादीप्रमाणे एकेचाळीसच्या एकेचाळीस फोन झाले. आठ वर्षांची पिंकी आईला म्हणाली, "आई, मला दात आलाय." तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, हिने फोनसमोर आ वासून दात दाखवला. दगडाबाई हसून हसून खाली बसल्या.

मला त्या लेकरांचा थोडा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आत्या म्हणाल्या, शिवा येळवसला येतो म्हणालाय. या वेळी खोलीचं पक्कं करूनच येणार आणि जाताना मला घेऊन जाणार. येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायची अमावास्या, अकरा जानेवारीला आहे. एकोणपन्नास दिवस.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय? जेवली का, इचारायला व्हता."

२८ नोव्हेंबर, मंगळवार

गोपीचंद मुकादमाचा फोन आला. पिंकीचे आईबाप, रुख्मिणी आणि मुंजाजी, त्याची टोळी सोडून दुसऱ्या टोळीत गेले. कारखाना लांब, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. नवा नंबर त्याने सांगितला, मी हातावर लिहून घेतला आणि लगेच मशिनवर बसले. त्या टोळीतलं आमच्याकडे एकच लेकरू, पिंकी. जुनं नातं तोडायचं, नवी टोळी घालायची, पिंकीला तिला बांधायचं. तिन्ही कामं एका गाठोड्यात. बटण दाबलं आणि लाईट गेली.

पूर्वी असं झालं असतं तर मी घामाघूम झाले असते. आज शांतपणे डबा उघडला. झालं असेल तर सगळं झालं असेल, नसेल तर गोपीचंदचा जुना नंबर जागेवर असेल आणि तो निरोप देईलच. अर्धवट राहायची सोयच मी ठेवलेली नाही. लाईट आल्यावर मशिन सुरू झालं, काही तक्रार दिसली नाही, मी दुसऱ्या कामाला लागले. येताना हात धुतले.

१० डिसेंबर, रविवार

आज कुठेच गेले नाही. ओसरीत बसून तूर निवडली. यांचा लग्नातला निळा शर्ट कपाटात आहे, तो काढला, झटकला, परत ठेवला. आता त्याला फक्त डांबरगोळ्यांचा वास येतो. सकाळी मेसेज केला होता: "इकडे थंडी वाढलीय. तुमच्याकडे?" दुपारी अंगठा आला. अंगठ्यावरून थंडी कळत नाही, पण पाहिलं तर खरं.

आठवण येते. रोज येते, पण रविवारी जास्त येते.

१४ डिसेंबर, गुरुवार

आत्यांचा फोन सकाळपासून बंद आहे, चार्जर जळाला. तरी घरात शिरल्याबरोबर त्यांनी सांगितलं, "शिवा इचारायला व्हता, जेवली का." शेजारच्या नीलमच्या फोनवर केला असेल. किती जीव लावतात, फोन नाही लागला तर शेजारी करतात. नीलमला उद्या आभार सांगायला हवेत.

१५ डिसेंबर, शुक्रवार

नीलम आठ दिवस माहेरी गेलीय. मग कुणाच्या फोनवर केला असेल?

१७ डिसेंबर, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी दहाला दगडाबाईंचा फोन आला, पिंकी सापडेना. मी जीप पकडून गेले. विहीर पाहिली, शाळा पाहिली, रस्त्यावर माणसं पाठवली. शेवटी स्टेशनवर चहा विकणाऱ्या सारजाबाईंनी निरोप पाठवला, एक पोरगी सकाळपासून फलाटावर बसलीय, तिकीट मागायलीय आणि कुठलं ते सांगेना.

पिंकी बाकावर बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. मला पाहून पळाली नाही, रडली नाही.

"कुठं निघालीस?"

"आईकडं."

"आई कुठं आहे, माहीत आहे?"

"न्हाई. तिकीट देणाऱ्याला ठाव असंल."

"आज तर फोनचा दिवस, बाळा. थांबायचं ना."

तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले होते. "मी यादीत न्हाई," ती म्हणाली. "लय दिसांपासून न्हाई. मंग मलाच जावं लागंल ना."

परत येताना तिने माझं बोट धरलं नाही. भाकरी मात्र धरून होती. ती आईसाठी होती.

वसतिगृहात तिन्ही रविवारच्या याद्या काढून पाहिल्या. तीन, दहा, सतरा डिसेंबर. तिन्हींत चाळीस नावं. मी दर शनिवारी त्या छापल्या, घडी घातली आणि दिल्या. एकदाही नावं मोजली नाहीत.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी दगडाबाईंवर ओरडले. ओरडायला नको होतं.

"म्या काय सांगावं? छापून आलंय म्हणल्यावर तुमाला ठाव असंलच की. मला वाटलं, मायबाप लांब गेले, फोन लागत नसंल." मग खाली बघून म्हणाल्या, "भिंतीवर असतं तर म्या लावला असता."

पांढरी भिंत समोरच होती. मी त्या खोलीत पुन्हा गेले नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

नवा नंबर मशिनमध्ये नाही. माझ्या हातावरचा केव्हाच धुतला गेला. गोपीचंदचा नंबर होता, पण तो दिवसभर उसाच्या फडात, रेंज नाही. तेरा वेळा लावला. संध्याकाळी पाचला लागला आणि त्याने नंबर दिला.

रुख्मिणीनेच उचलला. मी कोण ते सांगितलं तर तिला आधी वाटलं काही वाईट झालंय. "जिती हाय ना?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, चांगली आहे, चूक माझी होती.

"दर ऐतवारी मुकादमाचा फोन हातात धरून बसायले व्हते बाई," ती म्हणाली. "काम सोडून. मुकादम म्हणायचा, पोरगी खेळायली असंल, खुशाल असंल. मला वाटलं, इसरली मला. शाळंतली झाली."

मुकादमाला कुणी सांगितलं होतं खुशाल आहे म्हणून? कुणीच नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं, त्याने ते सांगितलं.

मी पिंकीला बोलवून आणलं. तिने फोन दोन्ही हातांनी कानाला लावला. मी खोलीबाहेर आले. त्यानंतर तासभर फोन परत आला नाही.

२० डिसेंबर, बुधवार

दोन दिवस मशिनपुढे बसून सापडलं.

मी मागितला होता तो तक्त्याचा प्रकार या मशिनवर बंदच होता. मेमरी कमी म्हणून आधीच्या मालकाने बंद करून ठेवला असेल. मी मागितलं तेव्हा त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्याने स्वतःचा नेहमीचा साधा तक्ता पुढे केला. त्यात बांधणी नाही आणि अर्धवट काम मागे घेणंही नाही. माझ्या बाकीच्या आज्ञा त्याने वाचल्या आणि गुपचूप सोडून दिल्या. त्या मंगळवारी लाईट गेली तेव्हा जुनं नातं तोडून झालं होतं, नवं बांधायचं राहिलं होतं. टोळी नसलेलं लेकरू आत तसंच पडून होतं, आणि यादी फक्त टोळीवाल्यांची निघत होती.

आज तसाच एक तक्ता पुन्हा मागितला आणि लगेच विचारलं, काही इशारा आहे का? तेव्हा एक ओळ दाखवली. मागितलेलं नाही, त्याऐवजी हे वापरलं. म्हणजे तेव्हाही सांगत होतं, पण विचारल्याशिवाय नाही. आणि मी विचारलंच नव्हतं. होकार मिळाला, तेवढ्यावर खूश होते.

सिद्धोधन सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं.

२१ डिसेंबर, गुरुवार

तो प्रकार सुरू केला, सगळे तक्ते नव्याने बांधले. एक गोष्ट वरून घातली: जे मागितलं ते नसेल तर थांब आणि नाही म्हण. दुसरं काही देऊ नकोस. तपासायला मुद्दाम नसलेला प्रकार मागितला, तर मशिनने तोंडावर नकार दिला. मला इतकं बरं वाटलं.

दगडाबाईंची माफी मागितली. त्यांच्या हातात कोळसा दिला आणि म्हटलं, भिंत तुमची, यादी माझी, दोन्ही दर शनिवारी ताडून बघू. त्यांनी लगेच पिंकीचा नंबर सगळ्यात वर, दोन हात मोठा लिहिला.

मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "ताई, माझं बी चुकलं. पोरगी दर ऐतवारी दारात हुबी ऱ्हायची. मला बघवंना. म्या म्हणायचे, तुज्या आईचा सकाळीच फोन आल्ता, तू आंघोळीला गेल्तीस. जेवलीस का, इचारायली व्हती."

"असंच म्हणायच्या?"

"दुसरं काय म्हणावं? माय दुसरं काय इचारती?"

"मग पिंकी काय म्हणायची?"

"पयल्या दोन ऐतवारी हासली. तिसऱ्याला, गेली त्याच सकाळी, मातर म्हणाली, तुमीच इचारायल्यात."

घरी आले. आत्या दारातच होत्या. "शिवाचा फोन आल्ता," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि आत गेले. आज दमले आहे, फार लिहवत नाही.

२८ डिसेंबर, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. डोकं दुखतंय असं सांगितलं. घरी येऊन आतल्या खोलीत पडले. आत्यांना वाटलं झोपलेय.

साडेपाचला फोन वाजला. आत्या बोलत होत्या. गोळ्या संपल्या, गुडघा दुखतो, मामाच्या शेतात हरभरा बरा आलाय. मग म्हणाल्या, "येळवसला येशील ना रे?" मग अगदी हळू, "तिला काय सांगू?" फोन ठेवला.

दहा मिनिटांनी चहा घेऊन आल्या. "उठलीस? शिवा इचारायला व्हता."

मी पूर्ण वाक्य ऐकून घेतलं. चहा प्याले. चहात साखर जास्त होती. गोड बोलायचं असलं की त्या साखर जास्त घालतात, हे मला दीड वर्षात आज कळलं.

विचारायला तोंड उघडलं होतं. पण विचारलं तर गुरुवार संपतील. एवढं एक वाक्य आहे माझ्याकडे. खोटं का असेना, आठवड्यातून एकदा येतं तरी. पिंकी माझ्यापेक्षा शूर आहे.

११ जानेवारी, गुरुवार. येळवस

सकाळी पोखर्णीच्या रस्त्याला आत्यांच्या भावाच्या शेतात गेलो. कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी झोपडी, उभारली होती. आंबिलाचं मडकं, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं डोक्यावरून नेलं. पूजा झाली. पाव्हणे पंगतीला बसले, मी वाढत होते आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला रस्त्याकडे बघत होते. माहीत असूनही बघत होते. रात्रीच्या रेल्वेने आले असते तर सकाळीच पोचले असते.

पंगत उठल्यावर आत्या जवळ आल्या. "शिवाला ऐन टायमाला रजा न्हाई भेटली बग. लय हळहळायला व्हता. तुजं तर..."

"आत्या," मी म्हटलं, "त्यांनी कधी माझं विचारलं होतं का?"

त्यांच्या हातात आंबिलाचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला, सांडू नये म्हणून ढेकूळ लावलं, पदर नीट केला. सगळं करून झालं तरी मी समोरच होते.

"पयल्या पयल्यानं इचारायचा," त्या म्हणाल्या. "मागच्या संक्रातीपसून न्हाई. म्या म्हणलं, आज ना उद्या इचारंल. तवर तुज्या तोंडावरचं हासू कशाला घालवू. मग रोजचीच आदत झाली, बाई. एखाद्या गुरवारी तर फोन बी यायचा न्हाई."

मला राग आला नाही असं नाही. खूप आला. पण त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या. एका वर्षात बावन्न गुरुवार असतात आणि त्यांनी प्रत्येक गुरुवारी ते वाक्य माझ्यासाठी करून ठेवलं होतं.

बांधावर जाऊन यांना फोन लावला. उचलला नाही. मग लिहिलं: "खोलीचं, रजेचं काही सांगू नका. मी तुमच्याकडे यायचं की नाही, एवढंच सांगा. नाही असेल तर नाही म्हणा. अंगठा पाठवू नका."

निळ्या खुणा झाल्या. मग 'लिहीत आहे' असं दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं. करडईच्या शेतात बाया राहिलेल्या भज्जीवरून एकमेकींची थट्टा करत होत्या. बऱ्याच वेळाने आलं.

"येऊ नकोस. मला एकट्यालाच राहायचंय. लग्नाआधीच सांगायला हवं होतं. आईला सांगता येईना, तुलाही नाही. माझं चुकलं."

चार वेळा वाचलं. दीड वर्षात यांनी मला लिहिलेला हा सगळ्यात लांब मजकूर आहे. मी तिथंच बांधावर बसून रडले, आवाज करून रडले, शेतातल्या बायांनी ऐकलं असेल. निळ्या शर्टासाठी रडले, एकोणपन्नास दिवसांसाठी रडले. मला अजूनही ते हवे आहेत. नाही म्हटल्याने हवं असणं संपत नाही, निदान आज तरी संपलं नाही.

आत्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हातात ताट होतं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी विचारलंय?"

"न्हाई गं." त्या बांधावर माझ्याजवळ टेकल्या. "मीच इचारायले."

मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी कोपीत जाऊन एका ताटात जेवलो.